शब्दचर्चा : आरएनए ‘बांधणारी’ प्रथिनं, सुरगाठ की निरगाठ?

शाळेच्या प्रदर्शनासाठी गर्भातल्या मेंदूच्या घडणीवर मराठी तक्ता करतेय. आरएनए म्हणजे जनुकाची नक्कल, बऱ्याचदा तिच्यावरूनच पेशी प्रथिन बनवते. तिला धरणाऱ्या ‘आरएनए-बाइंडिंग प्रोटीन’ला काय म्हणावं? ‘आरएनए-बंधक प्रथिन’ लिहिलं, तर लेक विचारते, “आई, आरएनएला ओलीस कोणी ठेवलं?”

*

लेकीचं बरोबर आहे. हिंदी बातम्यांनी ‘बंधक’ पार बिघडवलाय. ‘आरएनए-बंधी’ करा, सुटसुटीत आहे.

*

ताई, मी हर्णैचा. ‘बंधी’ चालेल, पण तक्त्यावर खाली एक ओळ टाकाच : हे बांधणं सुरगाठीचं आहे, निरगाठीचं नाही.

आमच्याकडे होडी खुंटाला लावताना दोर दोनदा फिरवून टोकाचा फास आत खुपसतात. भरती-ओहोटीत होडी वरखाली झाली तरी गाठ धरून राहते आणि निघताना एका हिसक्यात सुटते. निरगाठ मारली तर कोयताच आणावा लागतो. ही प्रथिनं आरएनएला धरतात ती अशीच. वेळ आली की सोडतात, आणि सगळी गंमत त्या सोडण्यात आहे.

एफएमआरपी हे असंच एक प्रथिन घ्या. चेतापेशींच्या जोडांपाशी ते बऱ्याच आरएनएंना धरून ठेवतं, म्हणजे त्यांच्यावरून प्रथिन लगेच तयार होत नाही. संकेत आला की पकड सैल. त्याचं जनुक, एफएमआर१, १९९१ साली सापडलं. त्यात सीजीजी ही डीएनएची तीन अक्षरं लागोपाठ २०० हून जास्त वेळा आली, तर जनुक सहसा बंदच पडतं, प्रथिन बनत नाही. त्यातून होतो फ्रॅजाइल एक्स, बौद्धिक वाढीत अडथळा आणणारा आनुवंशिक विकार. म्हणजे इथे दुखणं गाठ घट्ट बसल्याचं नाही, गाठ मारणाराच नसल्याचं आहे.

*

आणि ‘स्प्लायसिंग’? मूळ शब्द दोरखंडाचाच ना?

*

हो. दोन दोरांचे पीळ उकलून एकमेकांत विणतात, गाठ न मारता. मी ‘सांधणी’ म्हणतो. आरएनएतले मधले तुकडे वगळून उरलेले सांधायचे, आणि कुठला तुकडा ठेवायचा हे बऱ्याचदा हीच प्रथिनं ठरवतात. चेतापेशी होण्याआधी पेशीत पीटीबीपी१ या आरएनए-बंधी प्रथिनाचा अंमल असतो. ते आपल्याच भावंडाच्या, पीटीबीपी२ च्या, आरएनएतला एक तुकडा गाळायला लावतं, मग तो आरएनए वायाच जातो. पेशी चेतापेशी व्हायला लागली की एमआयआर-१२४ नावाचा चिमुकला आरएनए पीटीबीपी१ ला खाली ओढतो. मोठा हटला, धाकट्याने सुकाणू धरलं, आणि सांधणी चेतापेशीच्या वळणाची झाली.

*

‘जनुकाची अभिव्यक्ती’ (जनुक कामाला लागणं) मात्र बदला हो कुणीतरी. मुलं स्वातंत्र्याच्या कलमापर्यंत पोचतात.

*

तो रुळलाय, राहू दे. नावांचा विषय निघालाच आहे म्हणून : ‘मुसाशी’ हेही असंच एक प्रथिन. १९९४ मध्ये फळमाशीत सापडलं. बिघाड असलेल्या माशीला एकाच्या जागी दोन राठ केस येत, म्हणून दोन तलवारींनी लढणाऱ्या जपानी योद्ध्याचं नाव दिलं. मेंदूतल्या मूळ पेशी मूळ राहाव्यात म्हणून ते, पेशीला चेतापेशी व्हायला ढकलणाऱ्या ‘नम्ब’ जनुकाचा आरएनए धरून बसतं. याला मराठी शब्द शोधू नका, मुसाशीच ठेवा.

*

तक्ता झाला. ‘आरएनए-बंधी’ लिहिलं आणि शेजारी सुतळीची सुरगाठ चिकटवलीय. सकाळपासून लेकीने चारदा सोडली.