मदत हवी आहे : न दुखणाऱ्या खुब्यातही स्क्रू घालावा का?

माझा 12 वर्षांचा मुलगा दोन महिने गुडघा दुखतो म्हणून लंगडत होता. पाऊल बाहेर वळलेले पाहून डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे काढला, तेव्हा डाव्या मांडीच्या हाडाचा गोळा वाढीच्या कूर्चेपाशी घसरल्याचे कळले. गोळा आहे त्याच जागी ठेवून त्यात एक स्क्रू बसवला आहे.

आता उजव्या खुब्यातही खबरदारी म्हणून स्क्रू घालावा, असे एक डॉक्टर म्हणतात. दुसरे नियमित एक्स-रे काढून लक्ष ठेवायला सांगतात. स्क्रूमुळे तिथली वाढ थांबते हे मी जाणते, पण ती बाजू अचानक घसरून गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याची धास्ती मला अधिक वाटते.

ज्या पालकांनी हा निर्णय घेतला, त्यांनी तो कशावरून घेतला आणि थायरॉइड ग्रंथीच्या बिघाडामुळेही गोळा घसरू शकतो म्हणून तिची तपासणी केली होती का, हे कृपया कळवावे.