लेबल काढणं म्हणजे साधेपणा नव्हे

जर्मन डिझायनर डीटर राम्स यांचं 'कमी, पण अधिक चांगलं' हे सूत्र पाळायचं तर ॲपमधल्या आयकॉनखालची लेबलं (नावं) काढून टाका, असा एक सल्ला दिला जातो. मला तो पटत नाही. राम्स यांच्याच चांगल्या डिझाइनच्या दहा तत्त्वांत 'वस्तू समजायला सोपी हवी' हेही आहे, आणि लेबल गेलं की पहिल्यांदा तेच जातं. लेबल नकोसं होतं ते बहुतेकदा स्क्रीनवर नीट बसत नाही म्हणून. तिथे दोष देवनागरीकडे झालेल्या दुर्लक्षाचा असतो.

इंग्रजीसाठी ठेवलेली १.२ लाइन हाइट (फॉन्टच्या आकाराच्या १.२ पट ओळीची उंची) 'सर्वांसाठी'चा रफार-अनुस्वार किंवा 'पूर्ण'चा दीर्घ ऊकार कापते, १.५ पासून सुरुवात करा. बटणाची उंची ठरावीक ठेवू नका, किमान ४८ डीपी (अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) ठेवा आणि वर-खाली पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा, द्या. लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच हवं, नाहीतर शिरोरेषा तुटते. लांब नाव कापताना कोडपॉइंट (अक्षर, मात्रा अशा प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक) मोजून कापलं तर मात्रा अक्षरापासून सुटते, म्हणून ग्राफीम क्लस्टरनुसार, म्हणजे मात्रेसकट अख्खं अक्षर धरून, कापावं. इंदूरसारख्या गावात, जिथे अनेक घरांत हिंदी-मराठी दोन्ही चालतात, आणखी एक गोष्ट हमखास राहते: मराठी मजकुरावर भाषेचा टॅग (मजकूर कुठल्या भाषेत आहे हे सांगणारी कोडमधली खूण) हिंदीचाच असतो. तो मराठीचा 'एमआर' (mr) केला की, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. चाचणीसाठी 'दुसऱ्या' आणि 'वेळापत्रक' हे शब्द ठेवा, आणि फोनचा फॉन्ट २०० टक्के करून इंदूरच्या राजवाड्यासमोर भर उन्हात स्क्रीन वाचून बघा. फिकट करड्या लेबलांचा निकाल तिथेच लागतो, मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (उजेडातला फरक) हवाच.