बरोबरच वागतो, पण डोक्यात जातो: अशा माणसाला मराठीत काय म्हणायचं?

दोरीवरचे कपडे:
कर्वेनगरला आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. माझ्या दोरीवरून चिमटा त्यांच्या गॅलरीत पडला की संध्याकाळी बरोबर साडेपाचला बेल वाजते. चिमटा पाकिटात. पाकिटावर तारीख, वेळ आणि 'निळा, नग १'. वाक्य ठरलेलं: "आम्ही कुणाची वस्तू ठेवून घेत नाही हो." मग आमच्या पायपुसण्याकडे एक नजर टाकतात आणि जिना उतरतात, डाव्या बाजूने.

आता यात खोट काय काढणार? खडूस म्हणावं तर आवाज कधी चढत नाही. ढोंगीही नाहीत, माणूस खरोखरच असा आहे. रद्दीसुद्धा तारखेवार बांधतो. दीडशहाण्याचं निदान कुठेतरी चुकतं. यांचं चुकत नाही, आणि ते त्यांना पक्कं माहीत आहे! दाते-कर्व्यांनी १९३२ ते १९३८ मध्ये इथेच पुण्यात सात विभागांचा शब्दकोश काढला, त्यात यांच्यासाठी एक शब्द नसेल? सुचवा.

ओंकारेश्वराजवळचा:
सोवळा. सोवळं काय फक्त स्वयंपाकघरात असतं? चिमटा ओवळा होऊ नये म्हणून तर पाकीट!

जुनी वही:
मी शहाजोग म्हणेन. मूळ हुंडीच्या व्यवहारातलं. शहाजोग हुंडीचे पैसे कुणाही आणणाऱ्याला मिळायचे नाहीत, पतदार सावकारालाच. पुढे बोलीत शहाजोग म्हणजे सावपणाचा आव आणणारा झाला. 'मानभावी' मात्र टाळा, महानुभाव पंथाच्या नावाची ती कुचेष्टा आहे.

पंचगंगा:
आमच्या कोल्हापुरात एवढा इचार करत न्हाईत. 'लई शाना हाय' म्हणायचं आणि दार लावायचं.

दोरीवरचे कपडे:
हुंडीचं ठाऊक नव्हतं, जुनी वही, मजा आली. पण शहाजोगाच्या पोटात काहीतरी असतं. काकांच्या पोटात काही नाही, सगळं पाकिटावर लिहिलेलं. सोवळा जवळ आलाय; फक्त सोवळा माणूस चार हात लांब राहतो, हे मजला चढून येतात.

काल आईला फोनवर सांगितलं, तर पटकन म्हणाली, "शिष्ट आहेत गं ते." झालं! शिष्टाचार चांगला, शिष्टमंडळाला मान, आणि नुसतं 'शिष्ट' म्हटलं की टोमणा. संस्कृतातला सुसंस्कृत माणूस आपल्याकडे 'फार शिष्ट आहे मेला' होऊन बसला. माझ्या मते नीट वागण्यासाठी प्रेक्षक लागला की माणूस शिष्ट होतो. काकांना मी लागते.

पाकिटं मात्र उत्तम कागदाची असतात. अकरा जमली आहेत. दूधवाल्याचे पैसे त्यातूनच देते.