मोठ्यांना केटामाईन देणं "अडाणीपणा" कसा काय?

कॅज्युअल्टीवाला: काल इथे एकाने ठोकून दिलं, "प्रोपोफॉल असताना मोठ्या माणसाला केटामाईन देणं हा अडाणीपणा." राहवलं नाही म्हणून लिहितोय. हाड किंवा सांधा बसवताना थोडा वेळ गुंगी द्यायला वापरतात ती ही दोन औषधं. प्रोपोफॉल चांगलंच आहे, पेशंट पाच-दहा मिनिटांत बोलायला लागतो, पण ते दुखणं मारत नाही, बीपी पाडतं, श्वास थांबवू शकतं. अपघातात रक्त गेलंय, वरचं बीपी ९०, त्याला ते नेहमीच्या डोसने ढकलणार का? केटामाईनमध्ये श्वास बहुतेक वेळा चालू राहतो, बीपी सहसा चढतं. उलट्या होतात, उठताना भास होतात, मान्य.

सांगलीकर: नुसतं मान्य?? माझ्या वडिलांचा खांदा निखळला होता, वय ६२, केटामाईन दिलं. शुद्धीवर येताना पलंगाची दांडी दोन्ही हातांनी आवळून "मला विहिरीतून काढा" ओरडत होते, डोळे सताड उघडे पण आम्हाला ओळखेनात. आधी कुणी एक शब्द सांगितला नव्हता. आईला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

कॅज्युअल्टीवाला: वाईट झालं. पण ती चूक न सांगणाऱ्याची, औषधाची नाही. आधी नीट समजावायचं, औषध सावकाश सोडायचं, गडबड नको. थोडं मिडाझोलम (शांत करणारं, झोप आणणारं औषध) जोडलं की मोठ्यांत हा त्रास कमी होतो.

रात्रपाळी: मिडाझोलमचं एवढं सोपं करून सांगू नका हो! एकाला फेंटानिलसोबत (जबर वेदनाशामक) दिलेलं, खांदा खट्कन बसला, कळ थांबली आणि पेशंटचा श्वासही मंदावला. ऑक्सिजन लावलेला म्हणून बोटावरचं मशीन ९८ दाखवतंय आणि छाती हलत नाहीये! अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) मारली तेव्हा सावरला. औषधांवर भांडताय, कॅप्नोग्राफ, म्हणजे सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं मशीन, आहे का तुमच्याकडे ते बोला आधी.

तालुक्याचा डॉक्टर: शहरात बसून बोलणं सोपंय. आमच्याकडे कॅप्नोग्राफ नाही, भूलतज्ज्ञ फोन केल्यावर तासाने येतो. केटामाईन २०१३ पासून शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या सरकारी यादीत, कुलपात ठेवा, हिशोब ठेवा, म्हणून कित्येक जण ठेवतच नाहीत. हाडवैद्याकडे पाठवू का पेशंट?

रात्रपाळी: हाडवैद्याचं मी कुठे म्हटलं? हाड बसवणारा वेगळा आणि नुसता छातीकडे बघत बसणारा वेगळा, एवढी दोन माणसं तरी हवीतच. त्याला मशीन लागत नाही.

तालुक्याचा डॉक्टर: दुसरा माणूस हवा हे पटतं. रात्री दोन वाजता तो मिळत नाही, हेही लिहा मग.

सांगलीकर: ठीक आहे, केटामाईन वाईट नसेल. पण नातेवाईकांना बाहेर उभं करण्याआधी दोन मिनिटं बोला. वडील अजून दवाखान्याची पायरी चढायला तयार नाहीत.