लाईट गेली की एसडी कार्डवरच्या जुन्या नोंदीही खराब होतात, उपाय हवा आहे

नमस्कार मंडळी,

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. शेडमध्ये रास्पबेरी पाय ४ (एसडी कार्डवर चालणारा छोटा संगणक) बसवलाय. तापमान, आर्द्रता आणि पानांवरचा ओलावा दर मिनिटाला एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये नोंदवला जातो. गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी) डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी कधी घ्यायची ते आम्ही यावरच ठरवतो, त्यामुळे नोंदी गेल्या की अंदाजाने औषध मारावं लागतं.

परवा लाईटची बरीच ये-जा झाली आणि पाय सुरूच होईना. कार्ड लॅपटॉपला लावलं, डीडी कमांडने पूर्ण प्रत काढली आणि त्या प्रतीवर एफएससीके हे फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारं साधन चालवलं (फाइल सिस्टीम, म्हणजे कार्डावर फाइली मांडायची पद्धत, ईएक्सटी४). काही फाइली लॉस्ट+फाउंडमध्ये (दुरुस्तीत सापडलेल्या बेवारस फाइलींचा फोल्डर) मिळाल्या, पण डेटाबेस 'मॉलफॉर्म्ड' (रचना बिघडलेली) म्हणतो.

शेवटच्या काही सेकंदांचं गेलं असतं तर समजलो असतो. ईएक्सटी४ साधारण दर ५ सेकंदांनी जर्नल (बदलांची नोंदवही) कार्डावर पक्कं करतं. पण खराब झालेला भाग सप्टेंबरचा आहे! लाईट गेली तेव्हा तिथे काहीच लिहिलं जात नव्हतं.

वाचून एवढं कळलं की नँड फ्लॅशमध्ये (कार्डातली मेमरी) लिहिणं पेजचं, म्हणजे छोट्या तुकड्याचं, आणि पुसणं अनेक पेजेसच्या अख्ख्या ब्लॉकचं असतं. म्हणून कार्डातला कंट्रोलर (मेमरी सांभाळणारी चिप) जुना डेटाही अधूनमधून हलवतो आणि कुठे काय ठेवलंय याचा तक्ता सांभाळतो. तो तक्ता लिहिताना वीज गेली तर जुन्याचाही पत्ता हरवतो. शिवाय एका सेलमध्ये दोन बिट असतील तर दुसरं लिहिणं अर्धवट राहिल्याने आधी नीट लिहिलेलं पहिलंही बिघडू शकतं. यातलं काहीच जर्नलला दिसत नाही. म्हणून मला संशय फाइल सिस्टीमपेक्षा कार्डाचाच जास्त येतो.

आता मुख्य शंका. ओव्हरलेएफएस (बदल कार्डाऐवजी तात्पुरत्या मेमरीत ठेवणारी सोय) लावून रूट, म्हणजे सिस्टीमचा भाग, फक्त-वाचनीय करा आणि डेटाला वेगळं पार्टिशन द्या, असं बरेच जण सुचवतात. पण पार्टिशन दोन केली तरी कंट्रोलर एकच ना? डेटा पार्टिशनवर लिहिताना वीज गेली तर रूटलाही धक्का बसणारच, की माझं काही चुकतंय?

एसक्यूलाइटला वॅल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिणं) आणि सिंक्रोनस फुल (लिहिलेलं कार्डावर पोहोचेपर्यंत थांबणं) आधीपासून आहे. अ‍ॅडॉप्टर ३ अँपिअरचा आहे, अंडरव्होल्टेजचा इशारा कधी आला नाही. लिथियम सेलचा यूपीएस एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायला धजत नाही. सुपरकपॅसिटर (थोडा वेळ वीज साठवणारा भाग) लावून, लाईट गेल्याचं जीपीआयओवर (पायच्या इनपुट-आउटपुट पिना) ओळखून पाय नीट बंद करणं कोणी शेतावर प्रत्यक्ष चालवलंय का? की एसएलसी पद्धतीने (एका सेलमध्ये एकच बिट) चालणारं औद्योगिक कार्ड घेतलं तर तेवढ्यानेच भागेल?

आणि एसक्यूलाइटच्या रिकव्हर कमांडने सप्टेंबरच्या नोंदी परत मिळालेलं कोणी असेल तर आधी तेच सांगा, फवारणी तोंडावर आली आहे.