गुण ओळखले की सुख मिळतं? मला नाही पटत

उंबरठा:
कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण झालं. एक प्रश्नावली भरून घेतली, तिच्यातून प्रत्येकाचे पहिले पाच गुण निघाले. सांगितलं काय, तर हे गुण रोज वापरा, जगण्याला अर्थ येईल आणि सुख त्यामागून चालत येईल. माझा पहिला गुण निघाला प्रामाणिकपणा. गेल्या वर्षी तोच वापरून मी भर बैठकीत साहेबांच्या आकड्यांतली चूक दाखवली होती. अर्थ भरपूर मिळाला, झोप मात्र दोन महिने उडाली. गुण, अर्थ आणि सुख हे काही एका दोऱ्यात ओवलेले मणी नाहीत. पटत नसेल तर बोला.

कोरी पाटी:
नाही पटत. अशा प्रश्नावलीमागची 24 गुणांची यादी पीटरसन आणि सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांची, 2004 सालची. पुढच्याच वर्षी सेलिगमन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना आपला मुख्य गुण आठवडाभर रोज *नव्या पद्धतीनं* वापरायला सांगितला होता. सहा महिन्यांनंतरही त्यांचं समाधान वाढलेलं आणि खिन्नता कमी झालेली दिसली. तुम्ही गुण वापरलात तो हातोड्यासारखा. तेच आकडे साहेबांना आधी एकट्यात दाखवता आले असते की.

उंबरठा:
दाखवले होते. दोनदा.

कोरी पाटी:
मग तेवढ्यापुरती माघार घेतो. आणि खरं सांगायचं तर सगळे गुण सारखे नसतातच. 2004 च्याच एका अभ्यासात आयुष्यातल्या समाधानाशी सगळ्यात घट्ट नातं दिसलं ते आशा, उत्साह, कृतज्ञता, प्रेम आणि जिज्ञासा यांचं. नम्रतेसारख्या गुणाचं जेमतेम.

रात्रपाळी:
आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. दर दोन तासांनी तिची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री तीनचा गजर झाला की माझ्या तोंडात आधी शिवीच यायची. मग उशी सारखी करताना ती माझा अंगठा धरायची आणि सोडायचीच नाही. तेव्हा कुणी ‘सुखी आहेस का’ विचारलं असतं, तर सरळ ‘नाही’ म्हटलं असतं. पण आपण कुणाला तरी इतके हवे आहोत, हे त्यानंतर कधी जाणवलं नाही. बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये जवळपास 400 प्रौढांचा अभ्यास मांडला. काळजी आणि ताण जास्त असलेली माणसं सुखाच्या मापात कमी, पण जगण्याच्या अर्थाच्या मापात जास्त भरली. वाचून हायसं वाटलं, म्हणजे मी काही विचित्र नव्हते.

तिरकस:
अर्थाचं कौतुक जरा आवरा. लॉरा किंग आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं की मन प्रसन्न असलं की माणसाला आयुष्य अधिक अर्थपूर्ण वाटतं. म्हणजे आधी पुरेशी झोप, थोडा व्यायाम, चार मित्र. अर्थ येईल मागाहून. त्याच वर्षीच्या मायकेल स्टेगर यांच्या प्रश्नावलीत अर्थ ‘असणं’ आणि अर्थ ‘शोधणं’ वेगवेगळं मोजतात. ज्यांना तो आहे असं वाटतं ती माणसं जास्त समाधानी असतात. सतत शोधणाऱ्यांचं तसं सहसा दिसत नाही. रात्रपाळीताई, तुम्ही शोधत नव्हतात, तुम्हाला तेवढा वेळच नव्हता.

रात्रपाळी:
वेळ नव्हता हे खरं. पण ‘आधी पुरेशी झोप’ म्हणता, ती आणायची कुठून होती?

तिरकस:
इथे मी अडकलो. एखादी रात्र दुसऱ्या कुणी उचलायला हवी होती, एवढंच सुचतं. घरात आणखी कुणी नव्हतं का?

रात्रपाळी:
भाऊ आहे ना. रोज न चुकता फोनवर धीर द्यायचा. त्याचा पहिला गुण बहुतेक ‘आशा’ निघेल.