पासष्टीनंतर लाडकी कुठे जाते?

बांधावरून: काल इथे एकाने लिहिलं, ‘बायकांना लाडकी बहीण, विधवांना संजय गांधी निराधार अनुदान, बाप्याने मात्र 65 पर्यंत वाट बघायची. हीच का समानता?’ वाचून डोकं फिरलं. लाडकी बहीण 65 पूर्ण झाली की बंद. तोवर कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि दुसऱ्या दिवशी महिन्याच्या त्याच 1,500 साठी श्रावणबाळला, म्हणजे 65 नंतरच्या निराधारांच्या पेन्शनला, 21,000! वर्षाचे, अख्ख्या घराचे. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. रातोरात श्रीमंत झाली का ती?

खडूस_काका: ती 21,000 ची अट बाप्यालाही आहे, तेव्हा रडगाणं पुरे. पन्नाशीतली विधवा संजय गांधीत बसते, साठीतला विधुर कशात? केंद्र इंदिरा गांधी वृद्धापकाळ पेन्शनमध्ये साठीपासून 200 देतं. 2007 पासून तेवढेच. आपल्या राज्यात तेही 65 ला, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर.

सातबारा: विधुराचं खरं आहे, घ्या. पण अर्ज मुळात अडतो वयाच्या पुराव्यावर, आणि तिथे बाईच जास्त अडकते. शाळेचा दाखला नाही; असलाच तर माहेरच्या नावाचा. आधारवर अंदाजाने टाकलेली 1 जानेवारी. सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये वयासाठी आधारपेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य धरला. जी शाळेतच गेली नाही तिने काय करायचं? ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांकडून वयाचा दाखला घ्या, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा.

खडूस_काका: प्रतिज्ञापत्राचा खर्च कोण देणार, तुम्ही? आणि पैसे मंजूर झाले तरी डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट, आधार जोडलेल्या खात्यातच जातात. पासबुक जिल्हा बँकेचं आणि आधार शेवटी जोडलं दुसऱ्याच बँकेत, तर रक्कम तिकडे. म्हातारा खिडकीवर भांडत बसतो.

बांधावरून: विषय खात्याचा नव्हता! 2025 मध्ये लाडकी बहीणच्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणीत, नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला, त्यावर कुणी बोलत नाही. ज्यांचे दोघेही गेले त्या बायकांनी ओटीपी स्वर्गातून मागवायचा होता? त्यांना सवलत दिली ती मागाहून.

नियमबाई: भांडा खुशाल, पण अपिलाचं कुणीच काढलं नाही. खिडकीवर ‘कागद अपुरे’ म्हणून अर्ज परत येतो, लेखी काहीच नाही. म्हणजे अपील कशाविरुद्ध करणार? आधी अर्ज आवकला, म्हणजे कार्यालयाच्या टपाल नोंदीच्या टेबलावर, टाका, पोच घ्या. उत्पन्नाचा दाखला अडला असेल तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने नकाराची कारणं लेखी द्यावी लागतात, अपील कुणाकडे आणि किती दिवसांत तेही. पहिलं अपील 30 दिवसांत. सबळ कारण असेल तर 90 पर्यंत. दुसरं पहिल्याच्या निकालानंतर 30 दिवसांत, तिसरं सेवा हक्क आयोगाकडे 60 दिवसांत. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 दंड.

खडूस_काका: वा! सत्तरीच्या बाईने तीन अपिलं लढायची. तोवर हयातीच्या दाखल्याची वेळ येते.

नियमबाई: म्हणूनच पोच म्हणतेय. तारखेचा शिक्का नसेल तर 30 दिवस मोजायचे कुठून?

सातबारा: आणि शिक्का मारायला नकार दिला तर रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह. काका, ही युक्ती विधुरालाही चालते.

खडूस_काका: विधुराने पाठवायचं काय, कपाळ? त्याच्यासाठी योजनाच नाही.